हात आधी उघडतो

१

फिजिओथेरपिस्ट म्हटलं की निम्म्या लोकांना वाटतं मालिश करणारी बाई, आणि उरलेल्यांना वाटतं व्यायामाच्या नावाखाली माणसाला छळणारी. ताईंना दोन्ही ऐकायची सवय झाली होती. अर्धांगवायू झालेल्या माणसांच्या घरी जायचं, त्यांचे रुसलेले हातपाय पुन्हा कामाला लावायचे, आणि घरच्यांनी ‘कधी बरे होणार?’ विचारलं की खोटं न बोलता धीर द्यायचा, हे त्यांचं रोजचं काम. सगळे त्यांना ताईच म्हणत. वयाने मोठी माणसंसुद्धा.

मास्तर हा त्यांचा दुपारचा पेशंट. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस. निवृत्त झाले, आणि एका सकाळी दाढी करता करता उजवी बाजू गेली. वाचाही गेल्यातच जमा होती; दिवसाकाठी एखादा शब्द, तोही विहिरीतून ओढून काढल्यासारखा. उजवा हात मुठीत आवळलेला असायचा. टेबलावर ठेवला की ठेवला तिथेच, दुसऱ्या कुणाची विसरलेली वस्तू असावी तसा.

ताई त्यांच्यासमोर कधी बसत नसत. शेजारी बसत, अगदी खांद्याला खांदा लावून, उजव्या बाजूला. मास्तर घालायचे तसाच करडा पूर्ण बाह्यांचा शर्ट त्या मुद्दाम चढवत. घड्याळ, बांगडी, अंगठी पर्समध्ये. मग टेबलावर कप ठेवून हात पुढे करत, उचलत, ओठांशी नेत, परत ठेवत. मास्तरांनी फक्त बघायचं.

“पण ताई, नुसतं बघून काय होणार?” सूनबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. त्या शेजारीच इस्त्री करत असायच्या. घरबसल्या लोकांचे कपडे घेत, त्यामुळे इस्त्रीचा तो सुस्स आवाज व्यायामाला कायमचा जोडलेला.

“तुमचे अहो मॅच बघताना सोफ्यावर बसल्या बसल्या लाथ मारतात की नाही?”

“मारतात ना! परवा टीपॉय पाडला.”

“तेच ते. मेंदू दुसऱ्याची हालचाल नुसती बघत नाही, आतल्या आत करून बघतो. आणि करून बघतो म्हणूनच त्याला पुढचं कळतं. मी कपाला हात घातला, तर पिणार आहे की उचलून सिंकमध्ये टाकणार आहे, हे तुम्हाला माझी बोटं बघून आधीच समजतं. कुणी शिकवावं लागत नाही. मला फक्त बाबांच्या मेंदूला पटवायचंय की हा माझा हात त्यांचाच आहे.”

“आणि पटलं की?”

“पटलं की त्यांचा हात उठेल,” ताई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी आजवर कितीतरी घरांत म्हटलं होतं आणि बऱ्याच ठिकाणी ते खरंही झालं होतं.

२

अंगठा हलला त्या दिवशी सूनबाईंनी इस्त्री तशीच शर्टावर ठेवली आणि शर्ट जाळला. एवढा आनंद झाला. ताईही हसल्या. घरी जाताना जिन्यात मात्र त्यांना काहीतरी खटकलं, आणि काय खटकलं ते रस्ता ओलांडताना लक्षात आलं. मास्तरांचा अंगठा आधी हलला होता. ताईंचा हात तेव्हा मांडीवरच होता.

घाई केली असेल, झालं. अधीर माणसं करतात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बजावलं, “मास्तर, आधी बघायचं, मग करायचं. शाळेत पोरांना हेच सांगत होतात ना?” मास्तरांनी मान हलवली. ताईंनी कप पुढे ओढला. अन् मग मनात आलं, आज कप नको, स्पंज घेऊ. मनातच आलं. हात अजून मांडीवर होता, नजर कपावर होती. आणि आवळलेल्या मुठीतच मास्तरांची बोटं स्पंज दाबताना वळतात तशी वळली.

कपाची पकड वेगळी असते, स्पंजची वेगळी. ज्याला कळत नाही त्याला ती बोटं नुसती वाकडी दिसली असती. ताईंना कळत होतं, तीच तर पंचाईत.

त्यांनी स्वतःशी वाद घातला. चित्रकलेचा मास्तर आहे हा. जन्मभर माणसांचे खांदे, मनगटं, माना बघण्यात गेला. हात हलायच्या आधी खांदा सावरतो, श्वास बदलतो. आपल्याला दिसत नसेल, त्याला दिसत असेल. जुगार खेळणाऱ्यांना नाही का समोरच्याचं कळत? यात भुताटकी कसली! असं म्हणून त्यांनी दोन घास जास्त जेवून घेतले आणि झोपल्या. झोप काही धड लागली नाही.

३

मग त्यांनी जरा आडवळणाने परीक्षा घेतली. इस्त्रीच्या ढिगातली एक चादर मागून घेतली आणि दोन उंच पाठीच्या खुर्च्यांवरून दोघांच्या मध्ये टांगली. आता मास्तरांना ताई दिसत नव्हत्या. खांदा नाही, चेहरा नाही, काही नाही. ताईंना मात्र चादरीच्या कडेने त्यांचा उजवा हात तेवढा दिसत होता.

“हे काय नवीन?” सूनबाई म्हणाल्या.

“गंमत,” ताई म्हणाल्या.

त्यांनी हात मांडीखाली दाबले आणि ठरवलं, कपड्याला लावायचा चिमटा उचलायचा. पलीकडे मास्तरांचं पहिलं बोट अंगठ्याला जाऊन टेकलं. त्यांनी ठरवलं, कानामागे बट सारायची. मास्तरांची मूठ टेबलावरून उचलली गेली, कानाच्या दिशेने थरथरत गेली आणि मध्येच पडली. इस्त्री सुस्स करत होती. बाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू करायला धडपडत होतं.

बास झालं, त्यांनी स्वतःला सांगितलं. काही ठरवायचं नाही. एक क्षण काही म्हणजे काही करायचं नाही.

आणि मास्तरांची मूठ उघडली.

आधी करंगळी सुटली. मग तिच्या शेजारचं बोट, मग मधलं. सावकाश, न थरथरता, सगळा तळवा वर दिसेपर्यंत. आजवरची प्रत्येक हालचाल अडखळत झाली होती. ही मात्र लोण्यासारखी झाली.

सूनबाईंनी किंकाळीच फोडली. “अहो ताई! हात उघडला! बाबांचा हात उघडला!” त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी तिथल्या तिथे नवऱ्याला फोन लावला आणि ‘उघडला, उघडला’ एवढंच बोलत राहिल्या. त्यांचं बरोबरच होतं. या आजारात मूठ वळणं लवकर येतं, उघडणं सगळ्यात शेवटी. कित्येकांना ते कधीच येत नाही. धरलेलं सोडता येत नाही म्हणून माणसं दाराच्या कडीशी अडकून उभी राहिलेली ताईंनी पाहिली होती. कुठल्याही फिजिओथेरपिस्टने पेढे वाटावेत असा तो दिवस होता.

ताईंनी चादर बाजूला केली. मास्तर आपल्या हाताकडे बघतच नव्हते. ते ताईंकडे बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर आनंदाचा मागमूस नव्हता. हुशार पोराने पेपर कोरा दिला तर वर्गावरचा मास्तर जसा बघेल, तसं काहीतरी त्या डोळ्यांत होतं.

बाकीच्या हालचाली कुणाच्या ते ताईंना ठाऊक होतं. त्यांच्याच होत्या, त्यांच्या मनातल्या. मग ही कुणाची?

४

ताई आणि त्यांची आई तिसऱ्या मजल्यावर राहत. लिफ्ट नव्हती. आईचा तोल गेला त्याला आता बरीच वर्षं झाली होती. पाय चालत, पण कधी कुठे कलंडतील याचा भरवसा नाही. तरी रोज संध्याकाळच्या आत खाली जाऊन अंगणातल्या बाकावर बसायचं, हा तिचा हट्ट. “चार भिंतींत कुजण्यापेक्षा उन्हात वाळलेलं बरं,” म्हणायची.

तर रोजचं असं चालायचं. आईच्या कमरेला रुंद पट्टा, पुढे प्लास्टिकचं बक्कल. ताई एक पायरी मागे, पट्ट्यात मूठ घट्ट खोवलेली. आईचा डावा हात कठड्यावर. जिना कसा उतरायचा हेही ताईंनी तिला आपल्या धंद्याच्या पद्धतीनेच शिकवलं होतं. आधी कितीतरी दिवस त्या स्वतः पुढे उतरत आणि म्हणत, “माझ्याकडे बघ. मी करते तसं कर.” आईने ते इतकं अंगात मुरवलं की ताई अडखळल्या की ती अडखळायची.

मास्तरांचा हात उघडला त्याच दिवशी सकाळी ताईंना कॉलेजातल्या मैत्रिणीचा फोन आला होता. दुसऱ्या गावी शिकवण्याची नोकरी, राहायला कॉलेजातच एक खोली. एकट्या बाईसाठी. ताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “आईला टाकून कशी येऊ गं? दुसरी कुणी बघ.” फोन ठेवला. भाजी चिरायला घेतली. कुणी विचारलं असतं तर त्यांनी शपथेवर सांगितलं असतं की वाईट वाटलं नाही.

“जायचं होतंस,” ताई मास्तरांकडून परतल्यावर जिना उतरताना आई म्हणाली. कान तिचे शाबूत होते.

“आणि तुला कोण बघणार?”

“मी काय, पिकलं पान.”

“झालं तुझं सुरू! पाय बघ आधी.”

“पाय बघतेच आहे. तू हो म्हणायच्या बेतात होतीस. मला इकडे बसून कळलं.”

“काहीतरीच तुझं.”

आई खुदकन हसली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर जिना अंधारा आणि पायऱ्या तिरक्या. तिथे ताई नेहमी पट्टा आणखी आवळून धरत. आजही धरला. निदान त्यांना तसं वाटलं. सहज नजर खाली गेली, तर करंगळी पट्ट्याच्या बाहेर होती.

आवळलेल्या मुठीतून एकटीच सुटून सरळ झालेली. ताई बघत होत्या आणि तिच्या शेजारचं बोट उठायला लागलं.

“थांब!” त्या ओरडल्या. आई दचकून कठड्याला बिलगली. ताईंनी दोन्ही हातांनी तिला मिठी मारली आणि तशाच भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

“काय झालं गं? पाल का?”

“हो,” ताई म्हणाल्या. “पाल.”

५

दुसऱ्या दिवशी त्यांनी मास्तरांच्या घरी करडा शर्ट घातला नाही. बांगडी काढली नाही. पहिल्यांदाच मास्तरांच्या समोर खुर्ची ओढून बसल्या आणि दोन्ही हात मांडीखाली दाबले. सूनबाई आत कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

“मास्तर,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “काल ते काय केलंत? हात उघडलात ते. तुम्ही उघडलात ना? तुम्हीच ना?”

मास्तरांच्या ओठांची खटपट सुरू झाली. शब्द येईना. आणि तेवढ्यात टेबलावरची मूठ पुन्हा उघडू लागली. करंगळी, शेजारचं बोट. या वेळी उघडून थांबली नाही. हात थोडा पुढे झुकला आणि तसाच हवेत राहिला. हातातून जड ओझं निसटल्यावर रिकामा हात क्षणभर राहतो ना, तसा. ताईंनी ओझी निसटलेले हात पुष्कळ पाहिले होते.

मास्तरांनी आपला धड असलेला डावा हात पुढे केला आणि उजव्याची बोटं धरून बंद करायला सुरुवात केली. एकेक बोट दुमडत, दाबत. एक दुमडलं की दुसरं उघडे. त्यांच्या कपाळावर घाम आला, मान थरथरू लागली. शेवटी उजवी मूठ त्यांनी डाव्या हाताने पोटाशी गच्च धरली, जशी काही ती सुटली तर घात होणार होता.

“ता... ई,” ते म्हणाले. आणि पुष्कळ वेळाने, “तुम... चं.”

“माझं नाही!” ताई जवळजवळ किंचाळल्या. “मी असं कधी मनातसुद्धा आणलं नाही. माझी आई आहे ती!”

मास्तरांना त्यांच्या आईबद्दल कुणी कधीच सांगितलं नव्हतं. हे ताईंच्या बोलून झाल्यावर लक्षात आलं. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांना मुळीच आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं.

“ध... रा,” ते म्हणाले.

आवाज ऐकून सूनबाई धावत आल्या. सासऱ्याची पकड बघून त्या वैतागल्या. “अहो बाबा, बंद काय करताय! उघडा, उघडा! ताई, सांगा ना यांना. इतक्या महिन्यांनी उघडला आणि हे बघा कसे दाबून बसलेत.”

ताई पर्स उचलून निघाल्या. जिन्यात त्यांना रडू कोसळलं. त्यांचं आईवर प्रेम होतं, जीव होता तिच्यात. रोज तिचे पाय चेपताना, तिचे केस विंचरताना, तिच्या त्याच त्या गोष्टींना हुं हुं म्हणताना, कधी एकदा तरी...? त्या आठवत राहिल्या. कंटाळा आला होता, हो. कंटाळा कुणाला येत नाही? पण कंटाळा वेगळा आणि हे वेगळं. रस्त्यावरची माणसं त्यांच्या हातांकडे बघताहेत असं त्यांना घरापर्यंत वाटत राहिलं.

६

शेवटी त्यांनी साधा उपाय काढला. आपण पट्टा धरायचाच नाही.

तळमजल्यावर एक वायरमन राहायचा. आडदांड गडी, आईला मावशी म्हणायचा आणि तिची चेष्टा करायचा. ताईंनी त्याला गाठलं. “माझं मनगट दुखावलंय. काही दिवस आईला तू खाली आणशील का?”

“एवढंच ना? मावशींना खांद्यावर टाकून आणतो!”

“खांद्यावर नको, पट्टा धर फक्त. घट्ट धर. काही झालं तरी सोडू नकोस.”

“ताई, मी खांबावर चढून तारा ओढतो. मावशी म्हणजे काय, सुतळीचं बंडल.”

ताईंना कित्येक दिवसांनी श्वास मोकळा आल्यासारखं झालं. मनगटाचं खोटं सांगितलं ते सांगितलं. त्यांनी स्वतः आईच्या कमरेला पट्टा बांधला, बक्कल ओढून पाहिलं, वायरमनची मूठ पट्ट्यात नीट बसवली. मग त्या पुढे उतरल्या, दुसऱ्या मजल्याच्या वळणापर्यंत, आणि तिथे थांबून वर तोंड करून उभ्या राहिल्या. हात एकमेकांत घट्ट गुंफलेले. आता मनात काय असेल ते असो. हातात तर काही नाही.

आई उतरायला लागली. डावा हात कठड्यावर, मागे वायरमनचा भलामोठा पंजा. तो तिला कुठल्याशा म्हाताऱ्याची गोष्ट सांगत होता, ज्याने शॉक बसतो की नाही ते बायकोला बघायला लावलं. आई हसत होती. पाऊल टाकताना सवयीने ताईंकडे बघत होती.

मग तिची नजर ताईंच्या हातांवर आली आणि तिथेच थांबली.

ताईंनी पटकन खाली पाहिलं. हात गुंफलेलेच होते. बोटं पांढरी पडेपर्यंत आवळलेली. एकही सुटलेलं नव्हतं. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकून वर बघितलं.

आई हसायची थांबली होती. ताई लहान असताना, परक्या घरी तहान लागली आणि मागायची लाज वाटली, की आई अशीच बघायची आणि न विचारता पाणी आणून द्यायची. तिच्या चेहऱ्यावर तेव्हाची माया होती. जराही राग नव्हता.

कठड्यावरची तिची करंगळी उठली.

“आई, धर,” ताई म्हणाल्या. निदान त्यांनी तसं म्हणायला तोंड उघडलं.

शेजारचं बोट उठलं. मधलं उठलं. वायरमन आपल्याच गोष्टीवर हसत होता, पट्टा त्याने घट्ट धरलेला होता. आईचा दुसरा हात सावकाश पोटावर आला, पट्ट्याच्या बक्कलावर.

“कळलं हो मला, बाळा,” आई म्हणाली.

बक्कल टक् करून सुटलं.

ताईंना धावत वर जायचं होतं. जिना अरुंद होता, आई पडली तर सरळ त्यांच्या अंगावर, त्यांच्या हातांतच येणार होती. त्यांनी पाय उचललाही. पण पाठीला गार भिंत लागली तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आपण वर गेलेलो नाही. आपण बाजूला सरकलोय.